रेडलाईन म्हणजे कंपनीचा भित्रेपणा नव्हे

"कंपनीवाले लिमिट मुद्दाम कमी ठेवतात रे. वॉरंटीची कटकट नको म्हणून."

हे वाक्य महिन्याभरात मी तीनदा ऐकलं. एकदा ऑफिसच्या पार्किंगमध्ये, एकदा टपरीवर आणि तिसऱ्यांदा आमच्याच टीममधल्या एका पोराकडून. त्याने सहा हजार रुपये मोजून बाईकच्या ईसीयूचा मॅप बदलून घेतला आणि रेव्ह लिमिटर हजारभर आरपीएम वर सरकवला. हाच पोरगा सर्व्हरवर एक कॉन्फिग बदलायची तर तीन जणांचं अप्रूव्हल मागतो. असो.

त्या बाईकचं काय झालं ते सांगतोच. आधी जरा भांडू द्या.

पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो. प्रत्येक फेरीत दोनदा त्याला शून्यावर आणायचं आणि परत पळवायचं, हे सगळं बिचाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या जिवावर. आणि हा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग 10 टक्के वाढवला तर ताण 21 टक्के वाढतो. होंडा एस-2000 घ्या. 1999 ला आलेल्या या गाडीचं दोन लिटरचं इंजिन जपानमध्ये 9,000 पर्यंत फिरायचं. स्ट्रोक 84 मिमी. टोकाला पिस्टनवर येणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पावणेपाच हजार पट. पिस्टन आणि गजन पिन मिळून अर्धा किलो धरा, म्हणजे ओढ झाली जवळजवळ अडीच टन. त्यातही कॉम्प्रेशनच्या वेळी वरून गॅसचा दाब असतो, तो थोडा आधार देतो. एक्झॉस्टच्या वेळी आधार नाही. तेव्हा ही सगळी ओढ रॉडवर आणि त्याच्या दोन बोल्टवर. सेकंदाला 75 वेळा.

आता गंमत बघा. स्ट्रोक गुणिले दोन गुणिले सेकंदाच्या फेऱ्या, हा झाला पिस्टनचा सरासरी वेग. एस-2000 चा येतो सेकंदाला 25.2 मीटर. फॉर्म्युला वनच्या 2.4 लिटर व्ही-8 चा स्ट्रोक 40 मिमीच्या जरासा आत, आणि 19,000 आरपीएमला त्याचाही वेग साधारण तेवढाच! म्हणजे होंडाने रस्त्यावरच्या गाडीत पिस्टन रेसिंग कारइतक्या वेगाने पळवला आणि वर वॉरंटी दिली. याला भित्रेपणा म्हणायचं? पुढे अमेरिकेसाठी 2004 ला त्यांनी स्ट्रोक 90.7 मिमी केला, तेव्हा रेडलाईन 8,000 वर उतरवली. कुणी वकिलाने सांगितलं म्हणून नाही, गणिताने सांगितलं म्हणून.

फॉर्म्युला वनचंच बघा ना. 2006 ला कॉसवर्थचं इंजिन 20,000 पर्यंत गेलं. तिथे व्हॉल्व्ह बंद करायला पोलादी स्प्रिंग नसते, दाबाखालची हवा असते, कारण एवढ्या वेगाला स्प्रिंग साथच देत नाही. मग नियम आले की इंजिन टिकली पाहिजेत, खर्च कमी झाला पाहिजे. 2007 ला मर्यादा 19,000. 2009 ला 18,000, आणि एका ड्रायव्हरला अख्ख्या सीझनला आठच इंजिनं. जगातले सगळ्यात हुशार इंजिनवाले, आणि आयुष्य वाढवायला सांगितल्यावर आरपीएम खाली. आमचा गल्लीतला ट्यूनर मात्र लॅपटॉप जोडून वीस मिनिटांत वर. स्प्रिंग तीच, रॉड तोच, बोल्ट तेच.

"पण मार्जिन असतंच ना?" असतं. हे मला मान्यच आहे. पण ते कुणासाठी ठेवलंय? दोन वर्षं वापरून सैल पडलेल्या स्प्रिंगसाठी. वेळेवर न बदललेल्या ऑईलसाठी. सकाळी थंड इंजिनाची रेस पिळणाऱ्यांसाठी. बीएमडब्ल्यूच्या 2001 च्या एम-3 मध्ये टॅकोमीटरभोवती दिवे होते, ऑईल थंड असताना ते बरेच खालपासून पेटायचे आणि तापेल तसे वर सरकायचे. एवढी काळजी घेऊनही त्या इंजिनांचे रॉड बेअरिंग जायला लागले आणि कंपनीला ते बदलून द्यावे लागले. बीएमडब्ल्यूचं मार्जिन पुरलं नाही, तुमचं कुठून पुरणार? शिवाय लिमिटर फक्त इंधन किंवा ठिणगी तोडतो. पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा टाकलात तर चाकच इंजिनाला फिरवतं, लिमिटर बघत बसतो. मार्जिन त्या दिवसासाठी असतं.

आणि मिळतं काय? बहुतेक गाड्यांची ताकद रेडलाईनच्या आधीच शिखर गाठते, पुढे उतरते, कारण कॅम आणि पोर्टमधून त्याहून जास्त हवा जातच नाही. वरचे हजार आरपीएम म्हणजे निव्वळ आवाज. पण आकडा खपतो, काय करणार. 2006 च्या यामाहा आर-6 ची जाहिरात 17,500 आरपीएमची होती. खरं इंजिन त्याहून हजारावर खाली थांबत होतं, काटा पुढे धावत होता. यामाहाने ते कबूल केलं, गाड्या परत घ्यायची तयारीही दाखवली. चालवताना किती जणांना फरक कळला असेल?

तर आमचा पोरगा. तीन आठवड्यांनी साताऱ्याला निघाला, मागे धाकटी बहीण. खंबाटकीच्या अलीकडे "टक्" असा आवाज आला आणि मागचं चाक घासायला लागलं. त्याने क्लच दाबला म्हणून दोघं उभे राहिले. मागून ट्रक नव्हता, एवढंच. मेकॅनिकने हेड उतरवलं तेव्हा मी तिथे होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये रुतलेलं. शेजारच्या व्हॉल्व्हने पिस्टनवर चंद्रकोरी काढलेल्या, एक नाही, चार-पाच, एकावर एक. म्हणजे स्प्रिंग मागे पडत होती, व्हॉल्व्ह लटकत होता, हे बरेच दिवस चालू होतं. याला वाटत होतं गाडी मस्त ओढतेय.

बिल झालं 38 हजार. ट्यूनर म्हणाला, पेट्रोल खराब असेल. आणि मूळ मॅप परत टाकून द्यायचे दोन हजार वेगळे.