फ्रेझल व्हर्ब शिकताना मराठीची पुंजी



इंग्रजीच्या अभ्यासात लांबलचक शब्दांपेक्षा इवलेसे शब्दच आपल्याला अधिक अडवतात. ‘पोस्टपोन’ आणि ‘कॅन्सल’ बहुतेकांना ठाऊक असतात. पण त्याच अर्थांचे ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ समोर आले की गोंधळ होतो. मुलाखत पुढे ढकलली की रद्द झाली, हा फरक नोकरीच्या शोधात असलेल्यास क्षुल्लक नाही. ‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘कॉल’ म्हणजे बोलावणे, एवढ्या माहितीवर तो कळत नाही. क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून नवा अर्थ घडवणाऱ्या रचनेस फ्रेझल व्हर्ब म्हणतात. परभाषकांना ती फार अवघड जाते, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे याद्या पाठ करणे. माझ्या मते हा मार्ग चुकीचा आहे. मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्यांना तर तो अन्यायकारकही आहे. कारण इंग्रजीपुढे आपली पाटी कोरी आहे, असा समज त्यातून दृढ होतो. वस्तुतः ती कोरी नाही.

‘तो बोलला’ हे साधे विधान घ्या. आता ‘बोलून गेला’, ‘बोलून टाकले’, ‘बोलून दाखवले’ आणि ‘बोलून बसला’ ही रूपे पाहा. येथे कोणी कोठे गेले नाही, काही टाकले नाही, की कोणी खाली बसले नाही. अनवधान, मोकळे होणे, उघड करणे आणि पश्चात्ताप या छटा केवळ सहायक क्रियापदाने आणल्या. त्या आपण यादीतून शिकलो नाही, वापरातून शिकलो. सोलापुरात तर ही जाण एकाच भाषेपुरती नाही. ‘करून टाक’ या अर्थी विणकरांच्या तेलुगूभाषक घरांत ‘चेसेय्’ म्हणतात. त्यात ‘टाकणे’ या अर्थाचे क्रियापद दडले आहे. कन्नडमधील ‘माडिबिडु’मध्ये ‘सोडणे’ या अर्थाचे ‘बिडु’ आहे. भिन्न कुळांतील भाषांनी क्रियेची पूर्णता दाखवण्यासाठी एकच युक्ती योजली आहे.

इंग्रजीत हेच काम अनेकदा ‘अप’ करतो. ‘ईट’ म्हणजे खाणे, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे. ‘यूज’ म्हणजे वापरणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. ‘ऑफ’मध्ये बहुधा दूर सारण्याचा भाव असतो. ‘कट ऑफ’ म्हणजे कापून वेगळे करणे, ‘टेक ऑफ’ म्हणजे अंगावरचे वस्त्र उतरवणे आणि ‘पुट ऑफ’ म्हणजे ठरलेली वेळ दूर सारणे. म्हणून क्रियापदांच्या वर्णानुक्रमाने न जाता या छोट्या शब्दांच्या गटांनी अभ्यास करावा.

मात्र साम्याची मर्यादाही ओळखावी. ‘बोलून बसला’मध्ये बोलण्याची क्रिया कायम राहते; ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूट सहन करणे, यात मात्र ‘पुट’चा मूळ अर्थ उरतच नाही. अशा रचना अखंड वाक्यातूनच लक्षात ठेवाव्या लागतात. दुसरा भेद शब्दक्रमाचा आहे. कर्म सर्वनाम असेल तर ‘पुट इट ऑफ’ असेच म्हणावे लागते, ‘पुट ऑफ इट’ चालत नाही. उलट ‘लुक आफ्टर’, म्हणजे सांभाळणे, ही जोडी फुटत नाही. तेथे ‘लुक आफ्टर इट’ हेच योग्य.

प्रत्येक रचनेपुढे एकच मराठी शब्द लिहिण्याची सवय सोडावी. ‘टर्न डाउन’ म्हणजे ‘नाकारणे’ असे लिहून थांबू नये. स्थळ, अर्ज किंवा कर्जाची मागणी नाकारल्याचे वाक्य लिहावे. कारण ‘टर्न डाउन’ आवाज कमी करण्यासही वापरतात, आणि कोणता अर्थ घ्यायचा हे कर्मावरून ठरते. दर आठवड्यास पाच रचना घ्याव्यात, प्रत्येकीची दोन वाक्ये आपल्या घरातील वा कामातील असावीत आणि त्यांखाली आपण सहज बोलू ते मराठी वाक्य लिहावे. त्यात ‘टाकणे’, ‘बसणे’, ‘देणे’, ‘घेणे’ यांपैकी काही आले का, ते तपासावे. जेथे आले, तेथे नियम आपल्या ओळखीचा आहे. जेथे नाही, तेथे अधिक सराव करावा.