विषशुद्धीचे खूळ आणि उसाचा फड

शरीरातील ‘विष’ काढणारी पेये शहरांत चढ्या दराने विकली जात आहेत. वस्तुतः हे कार्य यकृत आणि मूत्रपिंडे विनामूल्य करतात; मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यांना हवे पाणी आणि शरीराला विसावा. नेमके तेच ऊसतोड कामगाराला मिळत नाही. मध्य अमेरिकेत हजारो मजूर, विशेषतः ऊसतोड कामगार, मूत्रपिंडविकाराने दगावले. उन्हातील अतिश्रम व निर्जलीकरण ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. आपल्याकडे फडावर राबणाऱ्या स्त्रीला आडोसा नसतो, म्हणून ती पाणी पिणेच टाळते. याला ‘जीवनशैलीचा दोष’ म्हणणे ही क्रूर थट्टा होय. उचल फेडणाऱ्याला जीवनशैली निवडता येत नाही. पाणी, सावली, शौचालय आणि हक्काची विश्रांती यांची जबाबदारी मुकादमावर न ढकलता साखर कारखान्यांनी स्वीकारलीच पाहिजे.