विनंती विशेष

दर आठवड्याला या पानावर आपली गाठ पडतेच. दिवाळी अंकात मात्र संपादक जागा थोडी अधिक देतात आणि वर बजावतात, "जरा फराळासारखे लिहा, खुसखुशीत." यंदा मी विजेच्या तारांवर लिहिणार असे कळवले, तेव्हा ते फोनवर काही वेळ बोललेच नाहीत.

त्यांचेही बरोबर आहे. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. आमच्याकडे फ्यूज उडाला तर सौ. मला हाक मारते ती खुर्ची धरायला. वर चढते ती स्वतःच. तेव्हा या विषयातला माझा अधिकार खुर्ची धरण्याइतकाच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पण मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक एका कामासाठी हमखास येतात. लग्नपत्रिकेचा मजकूर, निवृत्त होणाऱ्या हेडक्लार्कचे मानपत्र, सोसायटीच्या गच्चीवर वाळवण न घालण्याविषयीची सूचना, सगळे माझ्याकडे. गेल्या दिवाळीत माझा पुतण्या निखिल असाच एक अर्ज घेऊन आला.

निखिल विजेचा इंजिनियर. त्याचे वडील, म्हणजे आमचे दादा, नगर जिल्ह्यात गावी शेती करतात. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर, पण दादांच्या आणि माझ्या तोंडी अजून नगरच येते.) गावाला शेतीची वीज चक्राकार मिळते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा लागला की साठीला आलेले दादा बारा वाजता बॅटरी आणि काठी घेऊन गव्हाची दारे धरायला निघतात. दोन हिवाळ्यांमागे ओल्या बांधावर घोणस पायाशी आली. गमबूट होते म्हणून निभावले. तेव्हापासून वहिनी ओट्यावर दिवा लावून, दादा परत येईपर्यंत बसून राहतात. निखिलच्या डोक्यात जे शिरले ते त्या दिवसापासून.

त्याने एक डबी बनवली. ती काय करते ते त्याने मला तीनदा सांगितले, तेव्हा कुठे समजले. आमच्या वस्तीवर एका डीपीवर नऊ पंप आहेत. प्रत्येक पंपाला शेतकऱ्याने ऑटो बसवलेला. वीज गेली आणि परत आली की नऊच्या नऊ पंप एकदम उठतात. चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. डीपी तापते, कधी जळते, आणि मग गहू भर ओंब्यांत असताना आठ-दहा दिवस पाणी नाही. निखिलची डबी पंपांना पाळी लावून देते. एक चालू झाला, स्थिरावला, की दुसरा. पुढे शेतीला सूर्याची वीज मिळू लागली की ऊन असेल तितके पंप चालवायचे आणि ढग आला तर दोन थांबवायचे, हेही ती करील. सामाईक विहिरीवर आपल्या आजोबांच्या वेळी भाऊबंदांच्या पाळ्या असत, तसेच हे. एवढेच की यात भांडण नाही.

कल्पना मला आवडली. अर्ज मात्र वाचवेना. विषय होता, 'आपले जुनाट जाळे सुधारण्याबाबत'. पहिल्याच वाक्यात कचेरीचा निष्काळजीपणा, दुसऱ्यात जगातल्या प्रगत देशांची उदाहरणे, आणि शेवटी 'आठ दिवसांत परवानगी द्यावी'. मी म्हटले, "निखिल, हा अर्ज नव्हे, ही फिर्याद आहे." त्याने ऐकले नाही. तसाच धाडला. तीन महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले, 'आपला प्रस्ताव प्रचलित नियमांत बसत नाही.'

चिरंजीव भडकले. "काका, यांच्या तारेला हातच लावायचा नाही. प्रत्येक शेतात स्वतंत्र सौर पंप! प्रश्न मिटला."

सौर पंप वाईट नाही. आमच्या बांधाला बांध लागून एकाने घेतला आहे. दिवसा पाणी देतो, रात्री झोपतो. पण दादांनी एक गोष्ट बघून ठेवली होती. "त्याचं भिजवून झालं की पाट्या नुसत्या ऊन खात उभ्या राहतात, अन् त्याच वेळी गावातली चक्की चंद्रपूरच्या कोळशावर दळते." चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे. तिथला धूर कमी करायचा, तर शेतातली उरलेली वीज गिरणीपर्यंत गेली पाहिजे. आणि ती जाणार कशावरून? त्याच जुनाट तारेवरून!

हा विचार आपल्या राज्यात आधीच झालेला आहे. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने त्याचा पाठपुरावा केला होता. २०१७ साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीला तिचा आरंभीचा प्रकल्प उभा राहिला. २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती निघाली. युक्ती साधी आहे. शेतीची वाहिनी गावठाणाच्या वाहिनीपासून वेगळी करायची, उपकेंद्राजवळ सूर्याच्या पाट्या मांडायच्या, आणि ती वीज जवळच्याच पंपांना दिवसा द्यायची. लांबून वीज आणताना वाटेत होणारी गळती वाचते. पंप थांबले तर वीज पुढे जाते. पाट्या बसवणारा उद्योजक वेगळा, तारा कंपनीच्या, जमीन कधी गावाची, कधी शेतकऱ्याची. खाजगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडे. म्हणजे तिघांनी मिळून मांडलेला संसार. आमच्या वाहिनीची पाळी अजून आलेली नाही, एवढेच.

मे महिन्याच्या सुटीत आम्ही गावी गेलो. संध्याकाळी वायरमन चहाला आला होता. निखिलने त्याच्यासमोर डबीचे गुणगान सुरू केले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "दादासाहेब, तुमच्या पोराची डबी चांगली असेल. पण मी खांबावर चढतो तेव्हा मला एकच कळायला लागतं. तारेत वीज आहे का नाही? खालून मी बंद केली, अन् कुणाच्या पाट्यांनी, कुणाच्या डबीनं तिकडून परत सोडली, तर माझ्या बायकोला काय सांगाल?"

ओट्यावर कुणी बोलले नाही. वहिनींनी आत जाता जाता त्याच्याकडे पाहिले. रात्री घरधन्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

रात्री निखिल मला समजावू लागला. गच्चीवर पाट्या बसवलेल्यांची एक नेहमीची तक्रार असते, रस्त्यावरची वीज गेली की भर उन्हात आमचीही जाते. ती मुद्दाम तशी बंद होते, खांबावरच्या माणसासाठी. देशभरच्या तारांत विजेची लय पन्नास हर्ट्‌झच्या आसपास राखावी लागते; क्षणोक्षणी खप आणि पुरवठा यांचा मेळ घालावा लागतो. दुपारी एका डीपीवर सगळ्यांनी वीज ओतली तर दाब चढतो, आणि सूर्य मावळताच सगळे पुन्हा मागायला येतात. मी विचारले, "मग हे सगळे सांभाळून नवे काही करता येते का? कुणी केले आहे?"

"केलंय ना. ऑर्कनीत." ऑर्कनी ही स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटे. वारा उदंड, पण मुख्य भूमीला जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबली दोनच. तारेत जागा नाही, म्हणून नव्या पवनचक्क्यांना मज्जाव. नवी केबल टाकायची तर खर्च तीन कोटी पौंडांच्या घरात. तेव्हा ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातले संशोधक आणि तिथली वीज वाहून नेणारी कंपनी एकत्र बसली. २००९ साली त्यांनी अशी व्यवस्था बसवली की तारेवरचा भार सतत मोजायचा आणि ती भरली की नव्या चक्क्यांनी आपोआप मागे सरायचे. खर्च सुमारे पाच लाख पौंड. २०१३ सालापर्यंत बेटे वर्षाच्या गरजेहून अधिक वीज वारा-लाटांतून काढू लागली. पुढे, वारा असून चक्क्या थांबवाव्या लागतात अशी कुरकुर झालीच. तेव्हा इडे नावाच्या बेटावर वाया जाणाऱ्या विजेतून हायड्रोजन करण्याचा प्रयोग निघाला.

सांगता सांगता निखिल थांबला. "काका, त्यांनी कंपनीला आधी विचारलं होतं. तुमची तार कधी भरते, किती भरते. मी विचारलंच नाही."

मी कागद पुढे ओढला. आपल्या पत्रांची जुनी सुरुवात आठवते ना? साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आधी नमस्कार, मग विनंती, आणि विशेष काय ते नंतर. आमच्या पिढीने हे शब्द 'सा. न. वि. वि.' असे आखडून टाकले आणि त्यांचा अर्थही आखडला.

नवा अर्ज असा झाला. आमच्या डीपीचा भार कोणत्या वेळी किती असतो, ती गेल्या हंगामात किती वेळा जळली, याची नोंद पाहायला मिळावी. डबी एकाच डीपीवर, एकाच हंगामापुरती बसवू. नऊही शेतकऱ्यांच्या संमतीच्या सह्या सोबत आहेत. डबी तारेत वीज सोडत नाही. बिघडली तर एका खटक्याने पंप पूर्वीसारखे चालतील. बसवताना वायरमन हजर असावा. आकडे चांगले येवोत वा वाईट, कचेरीला जसेच्या तसे देऊ.

या वेळी उत्तर आले नाही, बोलावणे आले. एका तरुण साहेबांनी निखिलला दोन तास प्रश्न विचारले. त्यांतल्या तिघांची उत्तरे त्याच्याकडे नव्हती आणि त्याने तसे सांगितले. माझ्या मते काम तिथेच झाले. साहेबही शेवटी मोकळेपणाने बोलले, "जळलेल्या डीपीची यादी आम्हांलाही डोक्यावर घेऊनच झोपावं लागतं. पण कुठे काय अडतं ते आम्ही बाहेर सांगत नाही, आणि बाहेरच्यांना ते कळत नाही." मला वाटते, कंपन्यांनी या अडचणींची यादीच दारावर लावावी, प्रयोगाला एखादी वाहिनी राखून ठेवावी आणि विचारायला एक माणूस नेमावा. आपल्या देशाने २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत, २०७० पर्यंत कार्बनचा निव्वळ हिशेब शून्यावर आणण्याचे जाहीर केले. तो हिशेब शेवटी अशाच कचेऱ्यांतल्या टेबलांवर जुळायचा आहे.

डबी गेल्या महिन्यात बसली. गुण येतो की नाही, ते रब्बी संपल्यावर कळेल. तोवर बढाई नको. दादांचा रात्रीचा आठवडाही अजून चुकलेला नाही.

आपल्या दारचे दिवे भाऊबिजेनंतर आपण उचलून ठेवू. वहिनींचा दिवा मात्र रात्रीच्या प्रत्येक आठवड्याला ओट्यावर लागेल. तो लावण्याची गरज उरू नये, एवढीच यंदाच्या दिवाळीला माझी विनंती विशेष.