मण्यार की कवड्या?

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गावांत मण्यार आणि कवड्या हे दोन्ही साप रात्री घरात शिरतात. दोहोंच्या अंगावर पांढरट पट्टे असतात; परंतु मण्यार अतिविषारी, तर कवड्या बिनविषारी. मण्यारीचे पट्टे बहुधा मानेपासून काही अंतरावर सुरू होऊन शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे मानेजवळ ठळक असून शेपटीकडे पुसट होतात. खरी खूण पाठीच्या मध्यरेषेवर असते. तेथील खवले मण्यारीत मोठे व षट्कोनी असतात. कवड्यात ते इतर खवल्यांसारखेच असतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे ज्ञान अवश्य मिळवावे. त्याने एका निरुपद्रवी जिवाची हत्या टळेल. परंतु दंश झाल्यावर विजेरीच्या उजेडात खवले पाहत बसू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही; मात्र काही तासांत श्वास बंद पडू शकतो. आपल्याकडील सर्पविषरोधक औषध नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. म्हणून साप मारून नेण्याचे कारण नाही. ‘कवड्याच असेल’ असे म्हणून रात्र काढणे हीच प्राणघातक चूक होय. शंका येताच रुग्णालय गाठावे. आणि शेतकरी बंधूंनी जमिनीवर न निजता खाटेवर, कडा नीट खोचलेल्या मच्छरदाणीत निजावे.