एम.आर.आय. : सही करण्यापूर्वी



‘वाचल्याशिवाय सही करू नका’ हे वाक्य बँकेतील नोकरीत मी असंख्य खातेदारांना ऐकविले. परंतु गतवर्षी वडील बंधूंच्या मेंदूचा एम.आर.आय. काढावयाचा होता, तेव्हा तपासणीपूर्वीच्या प्रश्नावलीत मीच घाईने सर्वत्र ‘नाही’ लिहून सही केली. वहिनींनी सहज विचारले, “भाऊजी, दुकान घालण्याआधी कारखान्यात यांच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता, ते लिहिलेत ना?” तंत्रज्ञांनी तत्काळ तपासणी थांबवून डोळ्याचा एक्स-रे काढला. कण आतच होता! चुंबकाने तो हलला असता, तर दृष्टीवर बेतले असते. शेवटी सी.टी. स्कॅनवर निभावले.

या यंत्राची जमेची बाजू मोठी आहे. त्यात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक व रेडिओलहरी यांच्या योगे शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत मिळवून चित्र तयार होते. मेंदू, मज्जारज्जू, सांधे यांतील दोष त्यामुळे स्पष्ट दिसतात. 1977 साली मानवी शरीराच्या पहिल्या चित्रणास सुमारे पाच तास लागले. आज बहुधा अर्ध्या-पाऊण तासात काम होते. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफिल्ड यांना 2003 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता नावेची बाजू. 1.5 टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट प्रबळ असते आणि तपासणी चालू नसतानाही ते जागृतच असते. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला रुग्णाचा तरुण नातलग यंत्राकडे ओढला जाऊन प्राणास मुकला. म्हणून पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील श्रवणयंत्र, शरीरातील सळई वा स्क्रू यांची माहिती कागदपत्रांसह आधीच द्यावी. काही नवे पेसमेकर विशिष्ट अटींवर चालतात. तो निर्णय डॉक्टरांचा. दागिने, घड्याळ, साडीच्या पिना, मोबाइल बाहेरच ठेवावेत. मूत्रपिंडाचा विकार वा गर्भारपण असल्यास गॅडोलिनियमचे इंजेक्शन घेण्यापूर्वी अवश्य सांगावे.

आणखी एक जोखीम यंत्राची नसून आपल्या अधीरतेची आहे. पाठ दुखली की ‘एकदा काढूनच टाकू’ असे आपण म्हणतो. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाठदुखी नसलेल्या 98 व्यक्तींचे एम.आर.आय. तपासले, तेव्हा केवळ 36 टक्के लोकांच्या मणक्यांतील सर्व चकत्या निर्दोष आढळल्या! अर्थात अहवालातील प्रत्येक दोष हा दुखण्याचे कारण नसतो. अनावश्यक चित्रणातून अनावश्यक चिंता, आणि कधी अनावश्यक शस्त्रक्रियाही उद्भवते. परंतु पायातील शक्ती जाणे, लघवीवरील ताबा सुटणे अशी लक्षणे असल्यास विलंब करू नये.

यंत्रात आवाज फार होतो. कानात बोळे मागून घ्यावेत. बंदिस्त जागेची भीती वाटत असल्यास आधी सांगावे. देह स्थिर ठेवावा लागतो. कायोत्सर्गाचा अभ्यास असणाऱ्यांना ते जड जाऊ नये.

आणि ती प्रश्नावली भरताना घरातील वडीलधाऱ्या स्त्रीस जवळ बसवावे. कुटुंबाची जुनी खाती तिच्याच स्मरणात असतात.