आईचा व्यवसाय : गृहिणी

गेल्या वर्षी एस. वाय.चा प्रवेश अर्ज भरताना मी एक खोटी गोष्ट लिहिली. ती खोटी आहे हे लिहिताना माझ्या ध्यानातही आले नाही. अर्जात 'आईचा व्यवसाय' असा रकाना होता. मी तेथे 'गृहिणी' असे लिहिले आणि अर्ज खिडकीत सरकवला. त्याच वेळी सिन्नरला आमच्या घराच्या ओट्यावर माझी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. दिवसाकाठी आठशे-हजार विड्या ती वळते. ज्या फीची पावती मी खिशात घालून आलो, तिच्यात त्या विड्यांचे पैसे होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे अर्ज कसा भरावा हे सांगणारे कोणी नव्हते, अशी सबब मी देऊ शकेन. पण ती खरी नाही. बायको-आईच्या पुढे काय लिहायचे हे आपल्याला न शिकवताच येते.

ही चूक मला दाखवून दिली ती एका अशा अभ्यासक्रमाने, जो मी केलेला नाही आणि बहुधा करणारही नाही. एम.ए.ला काय काय विषय असतात हे ग्रंथालयातील संगणकावर शोधताना मला 'माटिल्डा' हे नाव सापडले. व्हिएन्ना, बुडापेस्ट, लिऑन, नॉटिंगहॅम आणि सोफिया या पाच शहरांतील विद्यापीठांनी एकत्र येऊन स्त्रियांच्या व लिंगभावाच्या इतिहासाचा एम.ए.चा अभ्यासक्रम आखला होता. विद्यार्थ्याने काही काळ एका देशात शिकायचे, काही काळ दुसऱ्या. लिंगभाव म्हणजे बाईने कसे असावे आणि पुरुषाने कसे असावे याची समाजाने घालून दिलेली रीत. तिचाही इतिहास असतो, हे मला नवीन होते.

मी हे मित्रांना सांगितले तेव्हा सगळे पोट धरून हसले. एकाने विचारले, "तुला काय बाई व्हायचंय का?" दुसरा जरा शहाणा. तो म्हणाला, "बायकांचा इतिहास शिकायला पाच देश कशाला हिंडायचे? आपल्याकडे काय बायका नाहीत?"

पहिल्याला उत्तर देण्यात अर्थ नाही. दुसऱ्याचा प्रश्न मात्र रास्त आहे. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ सालीच लिहिली. मुंबईच्या एस.एन.डी.टी. विद्यापीठात स्त्रियांविषयी संशोधन करणारे केंद्र १९७४ मध्ये निघाले. मग परदेश कशाला?

मला वाटते, एकाच देशात राहिले की रिकामा रकाना रिकामा दिसत नाही. तो जन्मापासून तसाच असतो, म्हणून तसाच असायचा असे वाटते. दुसऱ्या देशाचे कागद शेजारी ठेवले की कळते, तो कोणीतरी रिकामा केलेला आहे. इंग्लंडचेच पाहा. तेथील १८५१ च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बायकांना कामकरी लोकांत स्वतंत्र वर्ग दिलेला होता. १८८१ च्या जनगणनेत त्यांना उचलून बिनव्यवसायी लोकांत टाकले. त्या तीस वर्षांत बायकांनी चूल पेटवणे काही थांबवले नव्हते! फक्त मोजणाऱ्यांनी ठरवले की हे काम नव्हे.

आणि वरच्या पाचांपैकी दोन शहरे तर मला आमच्या गल्लीसारखी वाटली. नॉटिंगहॅम हे लेसचे गाव. एकोणिसाव्या शतकात लेसची मोठी यंत्रे कारखान्यात पुरुष चालवीत. पण यंत्रातून निघालेल्या पट्ट्यांचे दोरे ओढणे, कडा कातरणे ही कामे घरोघरी बायका आणि लहान मुले करीत. माल वाटून देणारी आणि गोळा करणारी मध्यस्थ बाई असे. आमच्याकडे पाने आणि तंबाखू तोलून देतात, संध्याकाळी विड्या मोजून घेतात, आणि नापास विड्या बाजूला काढतात. त्यांचे पैसे मिळत नाहीत. घरी बसून विड्या वळणारी बाईही कामगारच, असे आपल्या देशाच्या कायद्याने १९६६ साली मान्य केले. मी २०२४ मध्ये अर्ज भरताना मान्य केले नाही.

लिऑनमध्ये १८६९ च्या उन्हाळ्यात रेशमाला पीळ देणाऱ्या बायकांनी मोठा संप केला. पुढे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे अधिवेशन बाझेलला भरले. त्यात या बायकांचा प्रतिनिधी म्हणून कोण बसले? मिखाईल बाकुनिन, दाढीवाले रशियन गृहस्थ. हे वाचून मला आमच्याकडचे सरपंचपती आठवले आणि एकट्यालाच हसू आले.

आता अडचणी. पैसा ही पहिली, इंग्रजी ही दुसरी. त्यांबद्दल लिहीत बसलो तर दुसरा लेख होईल. पण आणखी एक अडचण आहे, आणि तिचा गरिबीशी संबंध नाही. बुडापेस्टच्या ज्या विद्यापीठाचा यात भाग होता, त्या देशाच्या सरकारने २०१८ साली लिंगभाव अभ्यास हा विषयच एम.ए.च्या मान्य विषयांच्या यादीतून काढून टाकला. इतर वादही होतेच. शेवटी त्या विद्यापीठाने आपले बहुतेक शिक्षण २०१९ पासून व्हिएन्नाला हलवले. त्याच व्हिएन्नातून १९३८ नंतर ज्यू म्हणून एका तरुणीला पळून जावे लागले होते. तिचे नाव गेर्डा लर्नर. अमेरिकेत संसार, मुलेबाळे झाल्यावर चाळिशीच्या सुमारास त्या कॉलेजात गेल्या, आणि १९७२ साली सारा लॉरेन्स कॉलेजात त्यांनी स्त्रियांच्या इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. ज्या विषयावर आमची मुले हसतात, त्याला एखादे सरकार इतके घाबरते, तर त्या विषयात काहीतरी दम असला पाहिजे.

मी व्हिएन्नाला पोहोचेन न पोहोचेन. पण अशा अभ्यासाला लागणारी एक वस्तू माझ्याजवळ आहे. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइटविन यांनी आपल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या समजायला मराठी लागते, आणि तीही पुस्तकातली नव्हे, आमच्या ओट्यावरची. तेव्हा आपण नुसते मागायला जाऊ असे समजू नये. द्यायलाही आपल्याकडे आहे.

टी. वाय.चा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मी आईला सांगितले की, यंदा तुझ्या नावापुढे 'विडी कामगार' लिहिणार. ती म्हणाली, "नको रे, पोरं हसतील तुला." मग मी तिला नॉटिंगहॅमच्या लेसची सगळी हकीकत सांगितली. तिने हातातली विडी पुरी होईपर्यंत ऐकून घेतली.

"मधी बाईच असायची का त्यांच्यात? माल मोजून घ्यायला?"

"हो."

"मग ती तरी नीट मोजायची का?" असे म्हणून तिने सुताचा टोक दातांनी तोडला आणि दुसरे पान उचलले.