फ्रीजर मांस राखतो, सुधारत नाही

घरात फ्रीजर आला की मांस एकदम घेऊन ठेवण्याची सवय लागते. नाताळ, ईस्टर किंवा घरचे कार्य जवळ आले की तीन-चार किलो मटण एकाच दिवशी येते, पिशवीसकट वरच्या कप्प्यात जाते आणि महिन्या-दीड महिन्याने बाहेर निघते. शिजवल्यावर ते चिवट लागते, मग बोल खाटकाला लावला जातो. आमचे मत असे की, अशा वेळी दोष बहुधा घाईचा असतो. मांसाची प्रत दुकानात ठरते. फ्रीजर ती टिकवतो, वाढवीत नाही. आणि चुकीच्या वेळी आत टाकलेले चांगले मांसही तो बिघडवतो.

इंग्रजी पाकपुस्तकांत ज्याला स्टेक म्हणतात तो बहुधा गोमांसाचा जाड काप असतो. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशाच्या कत्तलीस बंदी आहे. तेव्हा इंदूरच्या आपल्या घरांत प्रश्न येतो तो बोकडाच्या मटणाचा आणि कोंबडीचा. खजरान्यातल्या दुकानांत रान म्हणजे मांडी, दस्त म्हणजे खांदा, शिवाय चाप, सीना, गर्दन अशी नावे चालतात. ती गिऱ्हाइकाने शिकून घ्यावीत. सुक्या मटणाला आणि भाजण्याला रान व चाप बरे. रश्श्याला व मंद आचेवर शिजवायला सीना, गर्दन आणि नळ्या चांगल्या. नुसते "एक किलो द्या" म्हटले की जे उरले असेल ते पदरात पडते.

पारख अवघड नाही. कोवळ्या बोकडाचे मांस गुलाबीसर लाल असते, चरबी पांढरी व घट्ट असते, बरगड्यांच्या हाडांत लालसर छटा दिसते. जून जनावराचे मांस गडद आणि हाड पांढरे, कडक असते. बोटाने दाबल्यावर खळगा भरून आला पाहिजे. हात चिकट होता कामा नये आणि आंबूस वास येता कामा नये. खिमा डोळ्यांसमोर करून घ्यावा. कापल्याने मांसाचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो, म्हणून खिमा सर्वांत आधी नासतो.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे "गरम मटण" म्हणजे ताजे मटण अशी समजूत आहे. ते तासाभरात चुलीवर चढवायचे असेल तर ती खरीही आहे. पण गरम मटण गोठवायला योग्य नसते. जनावर कापल्यानंतर काही तासांनी त्याचे स्नायू ताठरतात आणि पुढे हळूहळू सैल पडतात. हे होण्याआधीच मांस गोठवले तर ताठरण्याची क्रिया अर्ध्यावर थांबते आणि बर्फ वितळताना जोराने पुरी होते. स्नायू आखडतात, रस गळून जातो आणि तुकडा चिवट होतो.

हा धडा न्यूझीलंडच्या व्यापाऱ्यांना मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १८८२ मध्ये 'डनेडिन' हे शिडाचे जहाज गोठवलेल्या मेंढ्यांचे मांस घेऊन ९८ दिवसांनी लंडनला पोहोचले आणि त्या देशाचा मोठा व्यापार सुरू झाला. पुढे यंत्रे सुधारली, मांस झपाट्याने गोठू लागले आणि गिऱ्हाइकांकडून चिवटपणाच्या तक्रारी येऊ लागल्या. १९६३ मध्ये लॉकर आणि हॅगयार्ड या तेथील संशोधकांनी दाखवून दिले की, ताठरण्याआधी स्नायू शून्य अंशाजवळ थंड केला तर तो फार आखडतो, १४ ते १९ अंशांत सर्वांत कमी. लंडनला जाणाऱ्या मेंढीचा जो नियम, तोच खजरान्याच्या बोकडाचा.

याची आठवण सर्वांत अधिक बकरी ईदला ठेवावी. खजराना ही मोठ्या मुस्लिम वस्तीची जागा. कुर्बानीच्या तीन वाट्यांपैकी एक आप्तेष्टांचा व शेजाऱ्यांचा, म्हणून तो आपल्याही दारी येतो. तो बहुधा गरम असतो. ही ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२४ मध्ये ती १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला, आणि २०२६ ते २०२८ या वर्षांत ती मे महिन्यात येते. माळव्यातला मे म्हणजे चाळीस अंशांचा उन्हाळा. अशा हवेत मांस तासाभरापेक्षा अधिक बाहेर राहू देऊ नये. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेला वाटा उकिरड्यावर जाणे हे त्याचाही अपमान आणि जनावराचाही.

मग करावे काय? लगेच शिजवायचे तेवढे शिजवावे. उरलेले पसरट भांड्यात झाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक दिवस ठेवावे आणि नंतरच गोठवावे. धुऊ नये, कारण ओल्या मांसावर बर्फ साचतो आणि शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. एका वेळेला लागेल एवढेच, अर्ध्या किलोचे पुडे करावेत. अन्नासाठीच्या जाड पिशवीत हवा काढून, चपटे दाबून, तारीख लिहून ठेवावेत. चपटा पुडा लवकर गोठतो. त्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात आणि मांसाचे धागे फाटत नाहीत. कोंबडी, कलेजी व खिमा मात्र एक-दोन दिवसांतच शिजवावा किंवा गोठवावा.

फ्रिजवरच्या ताऱ्यांनी फसू नये. आपल्याकडे स्टिकरवर असलेले तारे विजेची बचत सांगतात, थंडी नव्हे. गोठवण्याच्या कप्प्याचा जुना हिशेब निराळा आहे: उणे ६ अंशांत एक आठवडा, उणे १२ अंशांत एक महिना, उणे १८ अंशांत तीन महिने. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बहुधा उणे १८ पर्यंत जात नाही. त्यात महिनोन्‌महिने मांस ठेवणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय. शिवाय गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते थांबतात. म्हणून वितळवणेही फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, रात्रभर करावे, ओट्यावर नव्हे.

पावसाळ्याच्या तोंडाशी वादळाने वीज जाते. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणे ठेवावे. गावाहून परत आल्यावर नाणे तळाशी गेलेले दिसले तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले असे समजावे आणि ते मांस खाऊ नये.

कोणी म्हणेल, एकदम घेतले तर स्वस्त पडते, खेपाही वाचतात. खरे आहे, पण चिवट झालेला किलो आणि डॉक्टरचे बिल त्यात धरले तर हिशेब उलटतो. दुकान पायी जाण्याच्या अंतरावर असताना आठवड्याला पुरेल एवढेच घेणे हाच शहाणपणा.

शेवटी एक शब्द दुकानांविषयी. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेश शासनाने विनापरवाना व उघड्यावर मांसविक्री करण्यास मनाई केली. काच आणि पडदा माश्या अडवतात, उष्णता नाही. पडद्यामागे पस्तीस अंशांत दिवसभर टांगलेले मटण झाकलेले असले तरी नासतेच. थंड कपाट घेण्यासाठी लहान खाटकाला स्वस्त कर्ज मिळाले, तर त्या आदेशाचा हेतू खरोखर साधेल. तोवर गिऱ्हाइकाने सकाळी लवकर जावे, घरून स्टीलचा डबा न्यावा आणि चोख माल देणाऱ्याला चार पैसे अधिक द्यावेत. चांगला खाटीक टिकला तरच आपल्या ताटात चांगले मटण येत राहील.